घरच्या मैदानावरचे जुने मैत्रीपूर्ण सामने पाठीराख्यांच्या इतके लक्षात का राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुटबॉल क्लबच्या जुन्या पाठीराख्यांच्या आठवणी गोळा करायला बसलं की लीग आणि करंडक राहतात बाजूला, मंडळी कुठल्या तरी फ्रेंडलीवर घसरतात. ज्या सामन्याला गुण नाहीत, करंडक नाही, त्याच्या एवढ्या गोष्टी कशा? आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघाली तर खरं कोणाचं मानायचं?

मला जुन्या सामन्यांचे प्रोग्रॅम, म्हणजे सामन्यासाठी छापलेल्या माहितीपुस्तिका, जमवायचा नाद आहे, त्यामुळे अशा गोष्टी ऐकण्यात आणि वाचण्यात माझे बरेच तास गेलेत. पहिल्या भागाचं उत्तर मला सरळ वाटतं. लीगमधला प्रतिस्पर्धी दरवर्षी येतो. तोच शर्ट, तेच डावपेच, बऱ्याचदा तोच दांडगट सेंटर-हाफ. दहा हंगामांचे दहा सामने पुढे डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. बाहेरचा संघ मात्र एकदाच यायचा, आणि टीव्ही घरोघरी पोचण्याआधी तो बघायची एकच जागा होती: आपण दर आठवड्याला जिथे उभे राहतो ते मैदान. त्या दिवशी जो गेला त्याने पाहिलं, बाकीच्यांनी नुसतं ऐकलं. शिवाय त्या निकालाने गुणतक्त्यात काहीच हलत नाही. त्यामुळे सांगणारा माणूस स्कोअरपाशी थांबत नाही. उजेड कसा होता, पाहुण्यांनी काय घातलं होतं, कोण कुठे चढून बसलं होतं, हे सगळं तो सांगत सुटतो.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे 1945 सालचा डायनॅमो मॉस्कोचा ब्रिटन दौरा. महायुद्ध संपून जेमतेम काही महिने झाले होते. सोव्हिएत क्लब कसा खेळतो हे तिथल्या प्रेक्षकाने कधी पाहिलेलं नव्हतं. 13 नोव्हेंबरला लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीशी पहिला सामना झाला. दारावर मोजलेली संख्या 74 हजारांच्या वर होती, पण दारं आणि कुंपणं ओलांडून इतके लोक आत घुसले की खरा आकडा लाखाच्या घरात गेला असावा असं मानतात. माणसं स्टँडच्या छपरावर चढली, मैदानाभोवतीच्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर उतरली, थेट टचलाइनला येऊन टेकली. डायनॅमोचे खेळाडू सामन्याच्या आधीच मैदानात येऊन चेंडूसह सराव करू लागले. हा प्रकारही तिथल्या लोकांना नवा होता. मग संघ समोरासमोर उभे राहिले आणि प्रत्येक रशियन खेळाडूने आपल्यासमोरच्या चेल्सीच्या खेळाडूच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. टॉमी लॉटनसारखा धिप्पाड सेंटर-फॉरवर्ड हातात फुलं घेऊन उभा आहे आणि ती ठेवायची कुठे हे कळत नाही, अशी ती गंमत होती. सामना 3-3 असा सुटला. त्या दिवसाच्या आठवणी वाचा, फुलं सगळीकडे आहेत. तिसरा गोल कोणी केला हे मात्र बऱ्याच जणांना दुसऱ्याला विचारावं लागतं.

आठ दिवसांनी डायनॅमो आर्सेनलशी खेळले. आर्सेनलचं हायबरी हे मैदान युद्धामुळे वापरात नव्हतं, म्हणून सामना टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेनवर झाला, आणि नेमकं त्या दिवशी लंडनचं दाट धुकं उतरलं. मैदानाच्या एका टोकाकडून दुसरं टोक दिसेना. सोव्हिएत रेफरी निकोलाय लातिशेव्ह यांनी तरीही खेळ चालू ठेवला. डायनॅमोने सामना 4-3 असा जिंकला. प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी सातातले निम्मे गोलही धड पाहिले नसतील. आणि तरीही, किंवा मी म्हणेन त्यामुळेच, या सामन्याच्या गोष्टी सगळ्यात जास्त फोफावल्या. धुक्यात डायनॅमोचे बारा जण खेळत होते, बाहेर काढलेला खेळाडू गुपचूप परत आत आला होता, गोलकीपर खांबाला धडकला. यातलं काय घडलं आणि काय नंतर चिकटलं हे आज सोडवणं अवघड आहे. पण बारा खेळाडूंची गोष्ट अगदीच हवेतली नाही: पुढच्याच आठवड्यात ग्लासगोला, आयब्रॉक्सवर, रेंजर्सविरुद्ध बदली खेळाडू आत आला आणि ज्याने बाहेर जायचं तो गेलाच नाही. रेंजर्सच्या टॉरी गिलिकने माणसं मोजली आणि रेफरीला जाऊन सांगितलं. तो सामना 2-2 झाला. मला दाट संशय आहे की आयब्रॉक्सचा बारावा माणूस नंतर लोकांच्या बोलण्यातून लंडनच्या धुक्यात जाऊन पोचला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, पण त्याकडे नंतर येतो. त्याआधी वुल्व्हज, म्हणजे इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा क्लब, कारण हा विषय निघाला आणि वुल्व्हज आले नाहीत असं होऊच शकत नाही.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने फ्लडलाइटखालच्या सामन्यांवर घातलेली बंदी 1950 च्या अखेरीस उठली, पण लीगचा सामना दिव्यांखाली व्हायला 1956 साल उजाडलं. मधल्या काळात ज्या क्लबांनी खर्च करून खांब उभे केले त्यांच्याकडे दिवे होते आणि त्याखाली खेळवायला लीगचा सामना नव्हता. मग बोलवा पाहुणे. वुल्व्हजने 30 सप्टेंबर 1953 रोजी दक्षिण आफ्रिकेच्या संघाला बोलावून आपल्या मॉलिन्यू या मैदानावरचे दिवे लावले. पुढच्या वर्षभरात सेल्टिक, ब्वेनोस आइरेसचा रेसिंग क्लब, स्पार्टाक मॉस्को असे एकेक येत गेले. क्लबने या रात्रींसाठी खास चकचकीत कापडाचे सोनेरी शर्ट शिवून घेतले होते. दिवे पडले की खेळाडू चमकायचे. दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी अंधारात मैदान गाठायचं, बोगद्यासारख्या जिन्याने वर यायचं आणि एकदम समोर हिरवंगार उजळलेलं गवत, त्यावर चमकणारे सोनेरी शर्ट. त्या पिढीची माणसं हे सांगताना अजून थांबतात, कारण त्यांनी आपलं रोजचं मैदान त्या रंगात आधी कधी पाहिलेलंच नव्हतं.

13 डिसेंबर 1954 ला बुडापेस्टचा होनव्हेद आला. वर्षभरापूर्वी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असं लोळवलं होतं, आणि मे महिन्यात बुडापेस्टला 7-1. त्या हंगेरीचे पुश्काश, कोचिश, बोझिक, चिबोर हे सगळे होनव्हेदचे. वेम्बलीवर बिली राइटला पुश्काशने ज्या प्रकारे गुंगारा दिला होता तो सगळ्या देशाने चघळला होता, आणि तोच राइट वुल्व्हजचा कप्तान. म्हणजे कागदावर मैत्रीपूर्ण, बाकी काही मैत्रीपूर्ण नव्हतं.

पाहुण्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल ठोकले. मैदानावर बसलेले जवळपास 55 हजार लोक गप्प. मध्यंतरानंतर जॉनी हॅनकॉक्सने पेनल्टीवर एक फेडला. त्यानंतर होनव्हेदचं ते नाजूक, जमिनीलगतचं पासिंग चिखलात रुतत गेलं. पाय जड झाले, चेंडू मध्येच थांबायला लागला, आणि वुल्व्हज आपले लांब चेंडू हवेतून मारतच राहिले. शेवटच्या पंधरा मिनिटांत रॉय स्विनबर्नने दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. 3-2.

चिखलाची गंमत नंतर बाहेर आली. मॅनेजर स्टॅन कलिसने त्या दिवशी मैदानाला आणखी पाणी मारायला लावलं होतं. डिसेंबरचा महिना, आधीच पाऊस पडून गेलेला, आणि क्लबातल्या शिकाऊ पोरांना सांगितलं पाणी मारा! त्या पोरांत पुढे मोठा मॅनेजर झालेला रॉन ॲटकिन्सन होता. साहेबाचं डोकं फिरलं असं आम्हाला वाटलं, अशा अर्थाचं तो नंतर सांगायचा. काहींना यात लबाडी दिसते. मला नाही दिसत. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे दुसरं काय असतं?

या सामन्याची दुसरी बाजू मला जास्त आवडते. दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रांनी वुल्व्हजला जगज्जेते ठरवून टाकलं. हे वाचून पॅरिसच्या 'लेकीप' या क्रीडा दैनिकाचे गाब्रिएल आनो चिडले. त्यांचं म्हणणं असं की आधी यांनी मॉस्कोला आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावं, मग बोलू. आणि खरं ठरवायचं असेल तर युरोपातल्या क्लबांची रीतसर स्पर्धा घ्या. लेकीपने तो विषय लावून धरला आणि सप्टेंबर 1955 मध्ये लिस्बनला युरोपियन कपचा पहिला सामना झाला. म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याने मैत्रीपूर्ण सामन्यांचंच कंबरडं मोडलं. परदेशी संघ आता गुण-गोल मोजत येणार होते, दर मोसमात. वुल्व्हज स्वतः त्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरले 1958 मध्ये, आणि शाल्केकडून हरून लगेच बाहेर पडले. ती लढत किती जणांच्या तोंडी आहे? होनव्हेदची मात्र अजून आहे, आणि जे त्या वेळी जन्मलेही नव्हते तेसुद्धा सांगतात.

नंतरच्या वीस वर्षांत मैत्रीपूर्ण सामना हा धंदा झाला आणि त्याचा राजा होता पेलेचा सांतोस. ब्राझीलचा हा क्लब पेलेला घेऊन जगभर फिरायचा आणि मानधन घ्यायचा. पण त्यामुळे झालं काय, तर ज्या क्लबांना युरोपियन कप स्वप्नातही दिसणार नव्हता त्यांच्या दारात पेले आला. ॲस्टन व्हिला फेब्रुवारी 1972 मध्ये चक्क तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तेव्हा सांतोस व्हिला पार्कवर आले. देशात खाणकामगारांचा संप, विजेची बोंब, फ्लडलाइट लावायला बंदी. क्लबने जनरेटरची सोय केली आणि 54 हजारांहून जास्त लोकांसमोर 2-1 असा सामना मारला. प्लिमथचंही तेच. तेही तिसऱ्या श्रेणीत, 1973 सालचा मार्च, आणि मैदानात साडेसदतीस हजारांवर माणसं. एवढी गर्दी पाहून पाहुण्यांनी खेळायच्या आधी आणखी अडीच हजार पौंड मागितले, असं प्लिमथवाले आजही चवीने सांगतात. प्लिमथ 3-2 ने जिंकलं. त्या गावातल्या माणसाला तुम्ही लीगमधला मोठा विजय विचाराल तर तो पेलेवरच येणार, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो असतो.

आपल्याकडे हीच जादू 24 सप्टेंबर 1977 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झाली. पेले तेव्हा न्यूयॉर्क कॉसमॉसकडून शेवटचे सामने खेळत होता, समोर मोहन बागान, प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांच्या गोलांमुळे बागान 2-1 असं पुढे होतं, आणि मग कॉसमॉसला एक पेनल्टी मिळाली, सामना 2-2 असा सुटला. ती पेनल्टी होती की नव्हती हा वाद बागानवाल्यांच्या घरात वारशाने चालत आलेला आहे. गौतम सरकारने पेलेला कसं अडवलं हे सांगणारा माणूस खुर्चीतून उठून दाखवतो.

काही मैत्रीपूर्ण सामने मात्र आठवायला जड जातात. 4 मे 1949 ला तोरिनोचं विमान तुरिनजवळच्या सुपर्गाच्या टेकडीवर आदळलं आणि इटलीचा सगळ्यात बलाढ्य संघ एका क्षणात गेला. जेमतेम तीन आठवडे झाले होते तोवर ब्वेनोस आइरेसहून रिव्हर प्लेट हा संघ तुरिनला आला. तरुण दि स्तेफानो त्यात होता. समोर इटलीतल्या इतर क्लबांचे खेळाडू तोरिनोचा लालतपकिरी शर्ट घालून उभे राहिले. 2-2. गल्ला मृतांच्या कुटुंबांसाठी. म्युनिकच्या विमान अपघातानंतर मोडून पडलेल्या मँचेस्टर युनायटेडशी रेआल माद्रिद असंच खेळलं; 1959 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी युनायटेडचा 6-1 असा धुव्वा उडवला. एवढी मोठी हार घरच्या लोकांनी गोड मानून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

निरोपाचे सामने हा याचाच चुलतभाऊ. 1965 मध्ये पन्नाशीच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला स्टोकच्या मैदानावरून खांद्यावर उचलून नेलं ते पुश्काश आणि सोव्हिएत गोलकीपर याशिन यांनी. 1 मे 1986 ला टॉटनहॅमच्या अर्जेंटिनी ओसी आर्दिलेससाठी व्हाइट हार्ट लेनवर इंटर मिलानशी सामना झाला तेव्हा टॉटनहॅमच्या शर्टात, 10 नंबर लावून, मॅराडोना खेळला. बूट क्लाइव्ह ॲलनचे उसने! सगळ्या स्टेडियमने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दोन महिनेही झाले नाहीत तोवर मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपमध्ये त्याने हाताने आणि मग पायाने इंग्लंडला घरी पाठवलं. त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांचं तोंड नंतर कसं झालं असेल ते तुम्हीच बघा. आपल्या शर्टातला मॅराडोना ही आठवण मात्र त्यांनी सोडली नाही.

आज मोठे क्लब मोसमाआधी घरी थांबतच नाहीत. 2014 मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्या मैत्रीपूर्ण सामन्याला 1,09,318 प्रेक्षक होते, त्या देशातला फुटबॉलचा विक्रम. पण ते मैदान दोघांपैकी कोणाचंच नाही. तो सामना लक्षात ठेवायचा कोणी आणि कुठे उभं राहून?

आता खरं कोणाचं मानायचं हा भाग. माझा अनुभव असा की पाठीराखे खोटं क्वचित बोलतात, दोन सामने एकत्र मात्र सर्रास करतात. शेफील्ड वेन्स्डे या क्लबाचं उदाहरण घ्या. सांतोस त्यांच्या हिल्सबरो मैदानावर दोनदा आले: 1962 मध्ये, तेव्हा ते 4-2 ने जिंकले आणि पेलेने पेनल्टी मारली, आणि 1972 मध्ये, तेव्हा 2-0 ने जिंकले. दुसरा सामना वीजटंचाईमुळे भरदुपारी खेळवला गेला. म्हणजे कोणी 'शाळा बुडवून गेलो आणि पेलेची पेनल्टी पाहिली' असं सांगितलं तर तुम्हाला लगेच कळतं की सांधा कुठे आहे. माणूस बहुधा दोन्ही सामन्यांना गेलेला असतो, किंवा एकाला स्वतः गेलेला आणि दुसरा थोरल्या भावाकडून ऐकलेला. म्हणून वर्ष विचारू नका. दिवस होता की रात्र, अंगात काय घातलं होतं, कोणाबरोबर गेलात, हे विचारा. वर्ष त्यातून आपोआप निघतं.

गर्दीच्या आकड्यावरून कोणाला खोडू नका. छापील आकडा फिरत्या फाटकातून मोजून आत सोडलेल्यांचा असतो. स्टॅमफर्ड ब्रिजसारखं झालं असेल तर 'लाखभर होते' म्हणणारा आणि वर्तमानपत्रातला 74 हजारांचा आकडा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

संघात कोण होतं याबाबत मात्र प्रोग्रॅमवर आंधळा विश्वास नको, आणि हे मी प्रोग्रॅम जमवणारा माणूस सांगतोय. प्रोग्रॅम दोन-चार दिवस आधी छापलेला असतो. पाहुणा संघ ऐन वेळी बदलतो, दुसऱ्या क्लबाचे खेळाडू उसने घेतले जातात. डायनॅमोविरुद्धच्या आर्सेनलमध्ये तर स्टॅन्ली मॅथ्यूज आणि मॉर्टेन्सन होते, ज्यांचा आर्सेनलशी एरवी काही संबंध नव्हता. बदली खेळाडूंवर बंधन नसायचं. मध्यंतराला पाच-सहा माणसं बदलली की स्टँडमधल्या कोणालाच खात्री नसायची की चेंडू आता कोणाकडे आहे. माझ्याकडच्या एका प्रोग्रॅमवर मूळ मालकाने पाहुण्यांची तीन नावं पेन्सिलीने खोडून वर नवी लिहिली आहेत, त्यातल्या एकापुढे प्रश्नचिन्ह, आणि कडेला गोलांच्या उभ्या रेघा. शेवटची रेघ ओढून पुन्हा खोडलेली आहे, बहुतेक ऑफसाइड. छापलेल्या अकरा नावांपेक्षा हे पान मला जास्त खरं वाटतं.

तेव्हा आठवणी घ्यायला जाल तेव्हा त्यांच्या घरी तसला प्रोग्रॅम किंवा तिकिटाचा अर्धा तुकडा आहे का ते आधी विचारा, आणि फोटो काढताना नुसत्या मुखपृष्ठाचा काढू नका, आतल्या संघाच्या पानाचाही काढा, समासासकट. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्राशी ते पान ताडून बघा. दोघा मित्रांना एकत्र बसवू नका. एकाचं ऐकून दुसरा स्वतःची आठवण दुरुस्त करून घेतो, मग तुमच्या हाती दोनऐवजी एकच गोष्ट लागते. आणि स्कोअर अगदी शेवटी विचारा. आधी विचारलात तर माणूस चूक होईल या धास्तीने आखडतो आणि छपरावर कोण चढलं होतं ते सांगायचं राहून जातं.